कानशिलावरचा हात

माय, आज तेल्हाऱ्याच्या एका बाईशी मी जे बोलले, ते खरं म्हणजे तुझ्याशी बोलायचं होतं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी मनातल्या मनात तुझ्याशीच भांडत असते. आज भांडण नाही. आज फक्त सांगायला बसले आहे, तेव्हा मधे मधे बोलू नकोस.

माझं काम काय, हे तू कधी धड विचारलं नाहीस. मी शिकत होते तेव्हा अमरावतीच्या फूलबाजारात तू सगळ्यांना सांगायचीस, "डोक्याचं शिकून राहिली पोरगी," आणि मी सुटीत आले की तिथल्या बाया माझ्याकडे जरा जपूनच पाहायच्या. आता ऐक. अकोल्याच्या दवाखान्यात मी सिकलसेलच्या पोरांच्या मेंदूत रक्त कसं वाहतं याचा अभ्यास करते. आपल्या धाकट्याला आहे तोच आजार. बडनेऱ्याच्या आपल्या मळ्यात झेंडूला पाणी सोडलं की पाट जिथे चेपलेला असेल तिथे पाणी जोरात पळायचं, आणि तू फावडं घेऊन धावायचीस, आठवतं? डोक्यातल्या नसेचं तसंच आहे. या आजारात नस आतून अरुंद होत गेली की रक्त तिथून जोरात पळतं. लेकरू हसतं-खेळतं असतं, बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. पण तो वेग फार वाढलेला दिसला की आम्ही समजतो, याला लकवा मारायचा धोका आहे. मग नेमाने रक्त चढवत राहिलं तर तो धोका पुष्कळ टळतो. मोजायला सुई टोचावी लागत नाही. कानाच्या पुढे, कानशिलावर थंड जेल लावायचं आणि जाड पेनासारखी एक कांडी टेकवायची. यंत्रातून रक्ताचा आवाज येतो, हुश्श, हुश्श.

अट एकच, लेकरू जागं पाहिजे. झोपेत श्वास मंदावतो, डोक्याकडे रक्त जास्त जातं आणि आकडा उगाच फुगतो. आणि आपल्याकडच्या बाया कशा, ते तुला मी काय सांगू. दवाखान्यात न्यायचं म्हणजे पोराला न्हाऊ घालणार, डोक्याला तेल चोपडणार, पोटभर भाकर खाऊ घालणार. त्यात एसटीचा प्रवास, खोलीत पंखा, आणि वर आईची मांडी. मी इकडे कांडी टेकवते आणि तिकडे मायबाईचा हात आपोआप थोपटायला लागतो. बघता बघता लेकरू झोपेत गार. भिंतीवर मोठ्या अक्षरात 'लेकराला झोपवू नका' असं लिहून ठेवलं आहे, पण थोपटणारा हात कधी वाचतो का? दिवसभर माझं एकच काम, झोपलेल्यांना उठवायचं.

आजची तेल्हाऱ्याची पोरगी बारा-तेरा वर्षांची. दोन वेण्या, तेल कानापर्यंत ओघळलेलं. आकडा इतका वर गेला की मी कांडी उचलून पुन्हा टेकवली. मग तोंडाकडे पाहिलं, तर ही पोरगी तोंड उघडं टाकून झोपलेली, आणि आईचा तळवा तिच्या कपाळावर. मी जरा चिडूनच म्हणाले, "झोपवू नका म्हटलं होतं ना? झोपेत वेग वाढतो." त्या बाईने चटका बसावा तसा हात उचलला. म्हणाली, "म्याडम, म्या थोपटलं म्हून वाढलं का तिचं?" हात तसाच वर राहिला. खाली कुठे ठेवावा ते तिला कळेना. तो हात मी ओळखते, माय. तसाच हात मी आपल्या घरात पाहिला आहे.

आठव तो दिवस. धाकटा दुसरीत आहे. समोर झेंडूचा ढीग, तू हार ओवते आहेस, मी फुलं निवडते आहे. त्याचं सकाळपासून डोकं दुखतंय. तू सुई बाजूला ठेवतेस, त्याला मांडीवर घेतेस, कोमट तेल लावून अंगठ्याने त्याची कानशिलं दाबतेस. "झोप रे बापू, काई नाई होत." तो झोपतो. उठतो तेव्हा त्याचा उजवा हात उचलत नाही आणि तोंड वाकडं झालेलं असतं. पुढची धावपळ, अमरावतीचा दवाखाना, आजाराचं नाव, हे सगळं मला पुसट आठवतं. स्पष्ट आठवतं ते तुझं बोलणं. "म्याच झोपवलं त्याले. माह्याच हातानं झालं." घरी आलेल्याला सांगायचीस, चुलीला सांगायचीस, कोणी नसलं तर फुलांना सांगायचीस. त्यानंतर तू कोणाच्याही डोक्याला हात लावला नाहीस. माझी वेणीसुद्धा मावशी घालायची. मला तुझा फार राग यायचा. आजारी तो पडला होता आणि हात माझ्या डोक्यावरूनही गेला होता.

तर त्या बाईला मी काय सांगितलं, ते नीट ऐक. मी कांडी खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसले. दवाखान्यात मी पुस्तकी बोलते, पण तेव्हा तोंडून आपलीच बोली निघाली. "नाई वं माय. झोपेत साऱ्याइचंच वाढते, तुमचं, माह्यं, साऱ्याइचं. त्यानं लेकराले काईच होत नाई. फसते ते आमचं यंत्र. नस जर अरुंद झाली असन, तर ते कितीक दिवसापासून आतल्या आत होत असते. त्याच्यात तुमच्या हाताचा काई दोष नाई." ती म्हणाली, "खरं?" मी म्हटलं, "खरं." आणि मला रडू आलं. जेल पुसायच्या कागदाने डोळे पुसले, काय करू.

मग पोरीला उठवलं, तोंड धुवायला लावलं, मोबाइलवर कार्टून लावून दिलं आणि पुन्हा मोजलं. आकडा थोडा उतरला, पण धोक्याच्या खाली आला नाही. नस खरंच अरुंद झाली आहे. आणखी एकदा मोजू, पण रक्त चढवावं लागणार असं दिसतं, आणि ते चढवत राहावं लागेल. मी ते सांगत असताना बाई मान हलवत होती, आणि तिचा हात हळूच पोरीच्या डोक्यावर परत गेला होता. या वेळी मी तो तिथेच राहू दिला. ही पोरगी आम्हाला वेळेवर सापडली. आपल्या धाकट्याच्या वेळी आपल्याकडे असं मोजणारं कोणी नव्हतं. तो जागा असता तरीही ते झालंच असतं, माय. हे मी लेक म्हणून समजूत घालायला सांगत नाही. माझं रोजचं काम आहे हे.

धाकटा मजेत आहे. उजवा हात अर्धाच चालतो, दोरा दातात धरून डाव्या हाताने हार ओवतो, आणि गिऱ्हाइकाला बोलण्यात काही ऐकत नाही. तुला वाचता यायचं नाही, माझी पत्रं तोच वाचून दाखवायचा आणि मधे पदरचं घालायचा. हे पत्र मात्र त्याच्या हाती देणार नाही, बाजारभर करेल. इथेच ठेवते.

एक सांगायचं राहिलं. यंत्र नवीन आलं तेव्हा हात बसावा म्हणून आम्ही ते आधी एकमेकींवरच लावून पाहिलं. माझी पाळी आली. सोबतच्या डॉक्टरीणबाईने माझं डोकं हलू नये म्हणून दुसरा तळवा कानशिलावर ठेवला, आणि अंगठा जरासा दाबला. दुसऱ्यांच्या लेकरांना जागं ठेवा म्हणून ओरडणारी मी, आवाज सुरू व्हायच्या आत झोपले. ती अजून मला चिडवते. माझा आकडा काही धरता आला नाही.