ओले खिळे

प्रिय हट्टी मुली,

रोज संध्याकाळी तुझ्या घरी येतो आणि तरी पत्र लिहितोय, म्हणून हसू नकोस. समोर बसलो की तू बाबांना भरवत असतेस आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

कॉलेज अर्ध्यात सोडून मी खिळ्यांच्या कारखान्यात का आलो, हे तुला पक्कं माहीत आहे. छापखान्यांसाठी शिशाची अक्षरं, म्हणजे हे खिळे, ओतायचं मला कसलं वेड? तिथले मिस्त्री तुझे बाबा होते आणि दुपारी त्यांचा डबा घेऊन तू यायचीस. बस्स. ते मला सगळ्यांदेखत 'प्रोफेसर' म्हणायचे. मी ओतलेला खिळा बोटांत फिरवायचे आणि 'प्रोफेसर, याच्या पोटात हवा राहिलीय, तुमच्या डोक्यासारखी,' म्हणत परत वितळत्या शिशाच्या भांड्यात टाकायचे. सगळे खो खो हसायचे. मी आतल्या आत जळायचो.

त्या मंगळवारी मी त्यांच्याकडे तुझा विषय काढला. ते भांड्यावर वाकून वितळलेल्या शिशावरची मळी पळीने काढत होते. मान वर न करता म्हणाले, 'हातात घेतलेलं अर्ध्यात सोडतो, त्याला मी पोरगी देत नाही.' माझं डोकं फिरलं. शेजारी झिजलेल्या खिळ्यांची टोपली होती, खिळे शाई काढायला नुकतेच धुतलेले. असे खिळे आधी भट्टीच्या कठड्यावर पसरून खडखडीत वाळवायचे, मगच भांड्यात. तापल्या शिशाखाली थेंबभर पाणी गेलं तरी ते उसळतं. पहिल्याच दिवशी त्यांनी हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. मी टोपली उचलली आणि तशीच ओली भांड्यात उपडी केली. त्यांना इजा करायची नव्हती गं. काहीतरी आपटायचं होतं, एवढंच.

मोठा आवाज झाला. माझ्या मनगटावर दोन ठिपके पडले, तूच त्यांना मलम लावलंस. त्यांचे दोन्ही डोळे गेले.

दवाखान्यात मालक आले तेव्हा बाबा म्हणाले, 'पळी ओली होती, चूक माझी.' आता कारखान्यात नव्या माणसाला पहिलं हेच सांगतात, 'मिस्त्रींसारखा निष्काळजीपणा करू नका.' तीस वर्षं ज्यांच्या हातून एक खिळा वाकडा गेला नाही, त्यांच्याबद्दल! मी रोज ऐकतो आणि खाली मान घालून मशीन चालवतो.

काल तू लग्नाला होकार दिलास. म्हणालीस, 'दवाखान्यात बाबांनी तुझा हात घट्ट धरलेला पाहिला, तेव्हाच मी ठरवलं.' अगं, तो हात मायेने धरलेला नव्हता. मी मालकांना खरं सांगायला तोंड उघडत होतो, ते त्यांना माझ्या श्वासावरून कळलं. नखं रुतेपर्यंत त्यांनी तो दाबला. मालक गेल्यावर एवढंच म्हणाले, 'गप्प बस. मी असा झालोय, पोरगी एकटी पडेल.' आणि मी गप्प बसलो. दोन महिने. तुझ्या हातचा चहा पीत. आज दुपारी मालकांना सगळं सांगून आलो, म्हणजे आता मागे फिरायला जागा नाही. तुझा होकार तू मोकळेपणाने परत घे, बाबांवर मात्र चिडू नकोस. उद्या मी येणार नाही. सात वाजता मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतो, ते आता तुला घालावे लागतील. आधी डाव्या डोळ्यात घाल, उजवा फार दुखतो आणि ते सांगत नाहीत.

अजून तरी तुझाच