बोअरच्या पाण्यातला फेस

बाबा, फेस येत नाहीये. सकाळपासून वाटी मांडीवर घेऊन बसलेय, ब्रश फिरवून फिरवून मनगट गेलं, आणि वाटीत नुसतं पांढरं पाणी. यांना पॅरालिसिसचा झटका आल्यापासून दाढीचं नावच काढू देत नाहीत. न्हाव्याला घरी बोलावलं तर त्याच्यावर खेकसले. चमच्याने भरवते त्यातलं अर्धं थुंकून टाकतात. डॉक्टर म्हणतात, पेशंटनेच मनावर घेतलं नाही तर औषध काय करणार? म्हणून म्हटलं, निदान चेहरा तरी माणसासारखा करू या. तर तो पाणचट फेस गळ्यावरून ओघळला आणि यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "कशाला? कोण बघतंय?" काय करू मी, बाबा? आता खरंच टेकीला आलेय हो.

तुमचा तो श्रावण सारखा डोळ्यासमोर येतोय. बोरीवलीची आपली बैठी चाळ, वर सिमेंटचे पत्रे. संपात गिरणी बंद पडून वर्ष उलटून गेलेलं. एका नव्या सोसायटीत वॉचमनची जागा आहे म्हणून तुम्हाला निरोप आला, आणि वर तंबी, दाढी करून या, हा अवतार चालणार नाही. तुम्ही तर जन्मात श्रावणात गालाला ब्लेड लावलं नव्हतं. चाळीतले सगळे गाववाले तेव्हा दाढ्या वाढवून फिरायचे. आई स्टोव्हला पिन मारता मारता थांबली. "अवो, श्रावणात दाढी करतल्यात?" तुम्ही तिच्याकडे बघितलं नाही. "देवाक सांगलंय. पोटाक श्रावण कळणा नाय." बोलता बोलता तुमचा आवाज फाटला, आणि मी घाबरून दप्तरात डोकं घातलं.

साबण तो कसला, दुकानातली सगळ्यात स्वस्त गोल वडी, ॲल्युमिनियमच्या वाटीत दाबून बसवलेली. पाणी बोअरचं, खारट. तुम्ही घासताय, घासताय, आणि बुडबुडे आल्या पावली फुटतायत. शेवटी ब्रश भिंतीवर फेकलात. "मेलो साबणसुद्धा माका हसता!" दारात सर आली होती, आईने पागोळीखाली टोप धरला, ते पाणी कोमट केलं आणि गुपचूप तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही वडीवर चार थेंब टाकून तिला तशीच मुरू दिलीत. मग मला जवळ बोलावलंत. "बघ गो. ब्रश भिजवायचो आणि झटकायचो. पाणी थेंब थेंब. घाई करूची नाय." हळूहळू वाटीत दह्यासारखा घट्ट फेस उभा राहिला. त्यातला एक ठिपका माझ्या नाकाला लावलात आणि किती महिन्यांनी हसलात.

ती जागा मिळाली नाहीच. तुम्ही पोचायच्या आधीच दुसऱ्या कोणाला तरी घेतलं होतं. दाढीवाल्या चाळीत तुम्ही एकटे तुळतुळीत गालांचे, लाजेने ओट्यावर बसेनासे झालात. पण दुसऱ्या दिवशी बघते तर तुम्ही पुन्हा वडी भिजत टाकलेली. आईने कपाळावर हात मारला. "आता कोणाक दाखवतल्यात?" तुम्ही म्हणालात, "कोणी बोलावल्यान तर?" तो अख्खा श्रावण रोज सकाळी तुम्ही दाढी करत होतात. मला तेव्हा वाटायचं, बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय. आज यांच्याकडे बघते आणि मला तुमच्यासारखा वेडा माणूस घरात हवा होता असं वाटतं.

एवढं लिहून उठले होते. आत्ताही श्रावणच चालू आहे आणि आमच्या बिल्डिंगलाही बोअरचंच पाणी, हे सकाळी डोक्यातच आलं नव्हतं, बघा. ग्रिलमधून हात बाहेर काढून पातेलं पावसात धरलं. खांदा दुखून आला. मग पाणी कोमट केलं, वडी मुरू दिली, घाई केली नाही. फेस आला, बाबा! घट्ट आला! वाटी घेऊन यांच्याजवळ गेले तर पुन्हा भिंत. तेव्हा माझा धीर सुटला. म्हटलं, नको ना तुम्हाला, नका लावू! आणि रडत रडत तो फेस मी माझ्याच दोन्ही गालांना फासला. जरा वेळाने बघते तर हे माझ्याकडे बघत होते. तोंड वाकडं झालंय, त्यामुळे हसतायत की काय ते कळेना. मग त्यांनी मान वळवली आणि गाल पुढे केला.

गाल, हनुवटी, गळा, सगळीकडे नीट फेस लावला. रेझर उचलला. आणि टॉवेलने सगळं पुसून काढलं. ब्लेड बोथट झालंय म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि जड जिभेने म्हणाले, "मग उद्या."

ब्लेड नवीन होतं, बाबा. माझाच हात थरथरत होता.