ताईची अकरा मजल्यांची फाइल

३ सप्टेंबर, मंगळवार
सरांनी ताईची फाइल माझ्या गळ्यात घातली. अकरा मजली इमारतीचे कॉम्प्युटरवरचे नकाशे. पाच स्लॅब भरून झालेत, सहावा पुढच्या बुधवारी. "घरातल्याच माणसाने पुढे नेलेलं बरं," म्हणाले. मी बरं म्हटलं. ताईला जाऊन अठरा दिवस झाले. तिच्या खुर्चीवर बसले — उंची बदलावी लागली नाही. दोघी बहिणी सारख्याच बुटक्या!

४ सप्टेंबर
फाइलमध्ये सगळा सावळा गोंधळ. एरवी ताईचं काम आरशासारखं. ही घाईत केलेली दिसते — तेव्हा तिच्या पोटात दुखायला लागलं होतं.

मी ऑफिसात नवी होते तेव्हा तिनेच शिकवलं होतं — "कोण कुठे राहतं तो लेयर. कोण कुणाचं कोण तो क्लास." म्हणजे सातव्या मजल्यावरचं दार सातव्याच्या लेयरवर, पण क्लास 'दारं'. क्लास बंद केला की अकराही मजल्यांची दारं एकदम नाहीशी.

आज चार भिंती 'फर्निचर'मध्ये सापडल्या. एक कमोड 'खिडक्या'मध्ये! हसू यायला हवं होतं.

५ सप्टेंबर
आई — "जेवलीस?" मी — "हो." डबा भरलेलाच परत आणला होता. तिने उघडून पाहिला, पुन्हा झाकण लावलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार
आग विझवायच्या पाण्याचा मोठा पाइप खालपासून वरपर्यंत जातो. त्यासाठी प्रत्येक स्लॅबमध्ये भोक ठेवावं लागतं. ताईने ती भोकं काढली आहेत, जागाही बरोबर. पण क्लास चुकला — 'कच्च्या रेषा'. तो क्लास कधीच छापला जात नाही.

म्हणजे साइटवर गेलेल्या एकाही कागदावर भोक नाही. आणि पाच स्लॅब भरून झालेत.

तीनदा तपासलं. मग मॉनिटर पुसला. घरी आले.

९ सप्टेंबर, सोमवार
दोन दिवस हे कुणालाच सांगितलं नाही. सकाळी सरांना सांगितलं.

"पाच स्लॅब आता फोडायचे? लोखंड कापायचं? डोकं ठिकाणावर आहे का?" मग आवाज खाली आणून, "चूक कोणाची?"

"ताईची."

पाणी मागावं तसं मी म्हणाले. सर माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे. मग ते म्हणाले, "उद्या साइटवर जा. मुकादमाला तूच सांग."

जागेवर येऊन भोकं योग्य क्लासमध्ये टाकली. अकरा भोकं, अकरा क्लिक. मेलेल्या बहिणीवर चूक ढकलली आणि काहीच वाटलं नाही. माझंच काहीतरी बिघडलंय.

१० सप्टेंबर
साइट. मुकादम पन्नाशीचा, कानाला पेन्सिल. नवा कागद त्याच्यापुढे धरला, पाठ करून गेलेलं बोलायला लागले. त्याने मध्येच तोडलं — "भोक? आहे की! चला."

पहिल्या मजल्यावर कोपऱ्यात एक फळी होती. त्याने पायाने सरकवली. खाली चौकोनी भोक, कडा साफ, आरपार उजेड. दुसऱ्यावरही. पाचही मजले चढले. पाचही ठिकाणी आहे! सहाव्यावर लोखंड बांधायचं चाललंय, तिथेही जागा सोडलीय.

"कागदावर तर नव्हतं," मी म्हटलं.

"मोठ्या बाईंचा फोन आला होता ना. जूनमध्ये, पहिला स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी. दवाखान्यातून बोलत होत्या."

सरांना कळवलं. ते हुश्श म्हणाले.

११ सप्टेंबर
काल मुकादमाने सांगितलेली एक गोष्ट लिहिली नाही.

जूनमध्ये आम्ही सगळे ताईला सांगत होतो — साधी गाठ आहे, महिन्याभरात घरी येशील. आईने शपथच घातली होती, तिला कळता कामा नये. शेवटपर्यंत कुणी अवाक्षर काढलं नाही. तीसुद्धा हो हो म्हणायची, घरी आल्यावर पडदे बदलू म्हणायची.

आणि मुकादमाला फोनवर म्हणाली होती — "दर स्लॅबला आठवणीने भोक ठेवा. पुढे मी नसेन. धाकटी येईल, तिला बिचारीला अजून काही माहीत नाही."