छतापर्यंत न पोचणारी भिंत

साकाता,
१२ ऑक्टोबर

प्रिय इसामु,

अनेक आशीर्वाद. तू आणि युकारी खुशाल असाल. इकडे समुद्रावरून वारा सुटला आहे आणि दुपारीसुद्धा स्वेटर काढवत नाही. अंगणातल्या पर्सिमनला यंदा फळ फार आलं. शेजारच्या ओनोदेरांनी काठी लावून उतरवून दिलं. मी सोलून दोऱ्यांना बांधलं आणि ओसरीवर वाळत टांगलं. वाळले की तुला पाठवीन.

माझं अक्षर पाहून चपापला असशील. नववर्षाच्या कार्डापलीकडे आपलं लिहिणं राहिलंच कुठे होतं? घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आम्ही सहलीला निघालो आहोत, एवढंच.

तुझे भाऊजी लग्न झाल्यापासून म्हणत आले, एकदा गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊ. पण तातामीच्या चटया विणणाऱ्याला सुट्टी मिळणार कधी? पानं लाल व्हायच्या आधी सगळ्या सराया चटया बदलून घेतात. लोक झऱ्यांवर जायचे तेव्हा हे गुडघ्यावर बसून त्यांच्यासाठी चटया शिवायचे. त्यांनी अर्धा डोंगर चटयांनी मढवला, पण पाहुणा म्हणून त्यातल्या एकीवरही बसले नाहीत. दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की."

तर यंदा जायचं, महिनाअखेरीला. पहिली रात्र नारुको गावी. तिथे लाकडी बाहुल्या कातणारा एक म्हातारा कारागीर ह्यांच्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे चहा. मग दोन दिवस डोंगरापलीकडच्या खोऱ्यात, एका जुन्या सराईत. रात्री चुलवणावर अळकुड्यांचा रस्सा असतो. त्या लोकांना रश्श्यात गोमांस घालायची खोड आहे. आपण हसून खायचं, आणि घरी येऊन डुक्कर घातलेला आपला करायचा.

तू ये. असं अचानक सांगते म्हणून रागावू नकोस. तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे. खोल्या दोन घेतल्या आहेत, एक तुला आणि भाऊजींना, आणि एक मला. हल्ली मी फार घोरते.

सराई शोधताना मात्र हसून पुरेवाट झाली. मी प्रत्येकाला फोन करून विचारत होते, "तुमच्याकडे पुरुषांच्या आणि बायकांच्या स्नानगृहांमधली भिंत छतापर्यंत आहे का?" एक पोरगा म्हणाला, "आजी, अगदी निर्धास्त या. थेट छतापर्यंत आहे, कुणी डोकावायचं नाही." मी म्हटलं, "मग नको," आणि फोन ठेवला. म्हातारी चळली म्हणाला असेल.

लवकर कळव. भाऊजींची तब्येत ठीक आहे. जेवण चांगलं जातं.

तुझी ताई,
हिसाए

*

साकाता,
१९ ऑक्टोबर

प्रिय इसामु,

आशीर्वाद. काल फोनवर तू म्हणालास, "ताई, मला आडून आडून सांगू नकोस. भाऊजींना झालंय काय?" आणि मी चुलीवर चहा उकळतोय असं सांगून फोन ठेवला. चहा ठेवलेलाच नव्हता. तोंडाने सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. तू म्हणालास, एवढ्या वर्षांनी भाऊजी तुझं तोंड बघतील का? बघतील. बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळ्या नातेवाइकांसमोर ते तुला म्हणाले, "देवघरापुढे बसलास, पण मन गाडीच्या वेळेत आहे," आणि तू जेवणाचं ताट तसंच ठेवून उठलास. ते सगळं ते विसरले आहेत. ते भांडण आता तुझ्या एकट्याच्या आठवणीत आहे. तिथे किती दिवस सांभाळायचं, तुझं तू ठरव.

भांडणच नाही, बरंच विसरले. सुरुवात माप चुकण्याने झाली. कोपऱ्याची चटई दोन बोटं लांब झाली, तेव्हा ते माझ्यावरच चिडले, मी पट्टी बदलली म्हणून. डोक्यातच बिघाड आहे, तो बरा होणारा नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. तू म्हणाला असतास, "बघ, माणसाला तोंडाची शिक्षा मिळते." म्हणाला नसतास, हे मला आता कळतंय, पण तेव्हा भीती वाटली.

तू म्हणालास, कुटुंबासाठी वेगळं कुंड मिळतं, दाराला कडी लावून तूच आंघोळ घाल, मला कशाला ओढतेस? घेतलं होतं रे. जूनमध्ये जवळच्या एका सराईत तसं कुंड घेतलं होतं. मी आत गेले, आणि हे दाराशीच उभे राहिले, अंगावरची सुती युकाता छातीशी घट्ट धरून. मला वाकून नमस्कार केला आणि खाली बघत म्हणाले, "बाई, तुमची काहीतरी चूक होतेय. माझी बायको येईल इतक्यात. तिने हे पाहिलं तर काय म्हणेल?"

मी म्हटलं, "अहो, मीच ती."

तर म्हणाले, "अशी थट्टा बरी नव्हे." आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. आंघोळीविनाच आम्ही परत आलो.

ते मला ओळखत नाहीत, इसामु. लिहिलं एकदाचं.

घरात मी कोण आहे, तेही दर दिवशी वेगळं असतं. बहुतेक वेळा सराईची मालकीण. जेवण झालं की म्हणतात, "फार छान झालं होतं, आभारी आहे." इतकी वर्षं ह्या माणसाने माझ्या हातच्या चहाला कधी बरं म्हटलं नाही, आणि आता उठता-बसता आभार मानतात. परक्या बाईचे मानावेत तसे. आणि मग विचारतात, "माझी बायको कुठे गेली? तिला निरोप द्याल का?" बाजारात गेली म्हटलं तर दारात जाऊन उभे राहतात. माहेरी गेली म्हटलं तर चेहरा पडतो. मी काहीही सांगितलं तरी ते खोटंच असतं, आणि त्यांना ते कळतं. जिची एवढी वाट बघतात, त्या बाईचा मला कधीकधी हेवा वाटतो.

अंगाला हात लावू देत नाहीत. परवा युकाता स्वतःच नेसले, उजवी बाजू वर घेऊन. प्रेताला नेसवतात तशी. मी बघत उभी राहिले. हात पुढे केला की मागे सरकतात. शेवटी ओनोदेरांना हाक मारली, त्यांनी बदलून दिली.

आता भिंतीचं सांगते. तूही विचारलंस, हे काय खूळ आहे.

ऑगस्टपर्यंत ओनोदेरा ह्यांना गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहात घेऊन जायचे. मीही बायकांच्या बाजूला जात असे. तुला आठवत असेल, आई-बाबा काय करायचे. निघायची वेळ झाली की आई भिंतीवरून ओरडायची आणि पलीकडून बाबा हुंकार द्यायचे. आम्हीही लग्नानंतर तेच करत आलो. एके दिवशी सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, मी निघते आता."

आणि पलीकडून उत्तर आलं, "हो, निघ. केस नीट पूस, पुन्हा सर्दी करून घेशील."

त्यांचाच आवाज. जुना. थोडा वैतागलेला. मी साबणाच्या पाण्यात तशीच खाली बसले. बाजूच्या बायका विचारायला लागल्या, चक्कर आली का. भिंतीच्या पलीकडे ते माझा नवरा होते, समजलं का तुला? तोंड दिसत नव्हतं म्हणून मी त्यांची बायको होते. ओनोदेरांनी सांगितलं, आत बसून सगळ्यांना सांगत होते, "आमच्या घरात केस पुसायचा कंटाळा फार." बाहेर आलो, तर त्यांनी मला वाकून नमस्कार केला, आणि माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत राहिले, ती अजून कशी येत नाही म्हणून.

तरीसुद्धा रोज एकदा भिंतीवरून मी बायको होत असे. दिवसभरात तेवढंच. मग ऑगस्टमध्ये बॉयलर फुटला. मालक म्हातारे, मुलगा तोक्योला, त्यांनी स्नानगृह बंदच केलं. मी दारावरचा कागद वाचला आणि तिथेच पायरीवर बसले.

मग झरे शोधायला लागले, जुन्या पद्धतीचे, वरून उघडी भिंत असलेले. मला ना लाल पानं बघायची आहेत, ना बाहुल्या. ते तुला लिहिलं ते अगदीच ओकंबोकं वाटू नये म्हणून. ओनोदेरांचे गुडघे गेले आहेत, डोंगरावर ते येऊ शकत नाहीत. पैसे देऊन माणूस मिळेल, पण अनोळखी माणसासोबत हे कपडे काढणार नाहीत. तुझं नाव मात्र घेतात. "आमचा इसामु पोहायला पक्का," असं परवा टीव्हीवर नदी बघून म्हणाले. आमच्या आकानेच्या जागी मुलगा असता, तर तुला त्रास दिला नसता. ती ओसाकाहून यायला तयार आहे, पण पुरुषांच्या निळ्या पडद्याच्या आत मुलीला कोण जाऊ देणार?

आणि हे शेवटचं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना संस्थेत ठेवायचं आहे, जागा मिळाली. मी नाही म्हणायला हवं होतं, पण माझ्याने आता होत नाही. तिथली माणसं चांगली आहेत. खुर्चीत बसवून आंघोळ घालतात, एकेकाला, बंद खोलीत. तिथे मी पलीकडे नसेन.

ये. माझ्याकडे बघून यायचं नसेल, तर त्यांच्याकडे बघून ये, ते तुझ्यावर रागावलेले नाहीत.

काय करायचं ते सांगते. मी कोण म्हणून विचारलं, तर सराईची मालकीण म्हण. बायको म्हणू नकोस, ते घाबरतात. युकाता नेसवताना डावी बाजू वर घे. पाठ चोळताना मानेपासून सुरुवात कर, तशी त्यांना आवडते. बायको कुठे आहे म्हणून विचारतील, विचारतीलच, तर म्हण, "भिंतीपलीकडे आंघोळ करतेय." हे निदान खरं असेल.

थोड्या वेळाने मी पलीकडून हाक मारीन. ऑगस्टपासून त्यांचं बरंच गेलं आहे, माझा आवाज अजून राहिला आहे की नाही, मला माहीत नाही. ते बोलले तर बोलले. नाही बोलले तर थांब, मी पुन्हा एकदा हाक मारीन. पण इसामु, एक ऐक. तुला त्यांची नक्कल हुबेहूब जमते, आमच्या लग्नात तू सगळ्या मांडवाला फसवलं होतंस. तिथे तुला माझी दया येईल. तरी त्यांच्या आवाजात तू "हो" म्हणू नकोस. गप्प राहा. मी काय ते समजेन आणि केस पुसून बाहेर येईन.

तुझी ताई,
आणि महिनाअखेरीपर्यंत तरी, शिगेओंची बायको,
हिसाए