न भरणारी टाकी

आप्पा, तुम्ही अंगणात बसवलेल्या पिंडीला लागून, बेलाच्या मुळांखालून, मी संडासाचा पाइप नेला. हे आधीच सांगून टाकतो. तुम्हाला जे काही वाटायचं ते वाटून घ्या, म्हणजे मलाही पुढे उगाच मऊ बोलत बसावं लागणार नाही.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, यंदा आपल्या गल्लीत महापालिकेची ड्रेनेज लाइन आली. जुळे सोलापुरात सगळीकडे रस्ते उकरून ठेवले होते, रिक्षावाले शिव्या घालत होते. लाइन आली तशी एकेका घराने आपापली संडासाची टाकी बंद करून जोडणी घेतली. आपलं घर तेवढं राहिलं. आपला संडास मागे, रस्ता पुढे. मधून पाइप न्यायचा तर घराच्या दोनच बाजू. एका बाजूला पिण्याच्या पाण्याचा हौद आहे. नळ अजूनही तसाच, चार-चार दिवसांनी येतो, त्यामुळे त्या हौदावरच सगळं घर चालतं. दुसऱ्या बाजूला तुमचा बेल, त्याखाली कट्टा आणि कट्ट्यावर पिंडी. त्या बाजूला सांडपाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही म्हणून तुम्ही न्हाणीचा उतारसुद्धा मागे फिरवून घेतला होता.

तुम्हाला आपल्या टाकीचा फार अभिमान होता. कोणी पाहुणा आला आणि गल्लीत मैला उपसायची गाडी उभी दिसली की तुम्ही हमखास सांगायचा, "आमची टाकी कधी भरलीच नाही. एकदासुद्धा गाडी बोलवावी लागली नाही. महादेवाची कृपा." पाहुणा मान डोलवायचा. मीही डोलवायचो.

टाकी बांधली तो दिवस मला चांगला आठवतो. गवंडी तळाला काँक्रीट घालू म्हणत होता. तुम्ही त्याला हटकलंत. "तळ मोकळा सोड. जमिनीला पाणी पिऊ दे." तुमच्या त्या बोलण्यामागे, तुम्ही शिकवत होतात ती आपल्या गावची शाळा होती, हे तिथे फक्त मलाच कळलं. शाळेच्या हातपंपाभोवती कायम चिखल असायचा. तुम्ही धोतराचा सोगा खोचून उभे आहात, आम्ही चौथीची पोरं ओढ्यातून दगड आणतो आहोत, खणलेल्या खड्ड्यात खाली मोठे दगड, वर लहान, त्यावर वाळू. पंपाचं वाहून जाणारं पाणी त्या खड्ड्यात मुरायला लागलं आणि चिखल गेला, डास गेले. तालुक्याहून साहेब बघायला आले. त्या खड्ड्याने तुम्हाला गावात मान मिळवून दिला, आणि तो चांगलाच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते हातपंपाचं पाणी होतं, आप्पा. तीच विद्या तुम्ही इथे संडासाला लावलीत. टाकी भरत नव्हती, कारण ती खालून रिकामी होत होती.

शेजारच्या अक्कांनी हे तुम्हाला एकदा विचारलं होतं. भिंतीपलीकडे त्यांची बोअर, आपल्या टाकीपासून जेमतेम दहा-बारा पावलांवर. नळाला पाणी नसेल त्या दिवशी भांडी, आंघोळ, सगळं त्या बोअरवर. त्या भिंतीवरून म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या बोरला वास येतोय बघा. पोटं बिघडतेत घरात सगळ्यांची."

तुम्ही म्हणालात, "बोअर खोल घ्या. आमची टाकी कधी भरत नाही."

"भरत नाही तर जातंय कुठं, गुरुजी?"

तुम्ही पाठ फिरवलीत. आत आलात आणि मला सांगितलंत, "त्या बाईंशी या विषयावर बोलायचं नाही. आपल्या अंगणात देव आहे." मी विचारलं, देवाचा इथे काय संबंध? त्यावर तुम्ही शाळेतल्यासारखे डोळे वटारलेत. "चार बुकं माझ्याच हाताखाली शिकलास. मला शिकवू नको." अक्कांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. दिवाळीला फराळाचं ताट मात्र भिंतीवरून येत राहिलं.

या उन्हाळ्यात त्यांनी बोअरची मोटार काढून विकली. मी दारात उभा होतो. त्या हसत म्हणाल्या, "आता वास नाही आणि पाणी पण नाही. सुटलो की!" तसं हसून बोललेलं मला सहन झालं नाही. दुसऱ्याच दिवशी मी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जोडणीचा अर्ज घेऊन गेलो. घर अजून तुमच्याच नावावर आहे. तिथला माणूस म्हणाला, "मालकाची सही लागेल."

मी म्हणालो, "मालक कैलासवासी झालेत."

"मग त्यांची परवानगी कशी घेणार? वारस म्हणून तुम्हीच करा की."

केली. पेन दाबून केली.

खरा विरोध घरात होता. आई कट्ट्याला पाठ लावून बसली. "तुझ्या आप्पांनी हितं देव बसवलाय आणि तू बाजूनं असलं पानी नेणार व्हय? लोकं काय म्हनतील?" गावाहून आपल्या घरची पूजा सांगणारे स्वामी आले. त्यांनी तोड काढली की आधी पिंडी हलवावी, गच्चीवर नेऊन बसवावी, अभिषेक करावा, मग खुशाल खोदावं. आई लगेच तयार झाली. मीच नाही म्हणालो. देव जिथे आहे तिथेच राहील आणि पाइपही इथूनच जाईल. मी रोज सकाळी त्या पिंडीवर पाणी घालतो, आप्पा, तुम्ही गेल्यापासून एक दिवस चुकवला नाही. जो महादेव स्मशानात बसतो त्याला आपल्या घरच्या पाइपाचा विटाळ होईल, असं मला वाटत नाही. शेजारच्या घरात पोटं बिघडत होती तेव्हा आपण त्याच्यावर दूध ओतत होतो. त्याला विटाळ व्हायचाच असेल तर तो त्या दुधाचा झाला असेल.

 आई म्हणाली, "लई बोलाया शिकलास." पण कट्ट्यावरून उठली.

खोदताना बेलाचं एक जाड मूळ आडवं आलं. प्लंबरने माझ्याकडे पाहिलं. "तोडू का, साहेब? पाप लागंल म्हनून इचारतो." मी कुदळ घेतली आणि त्या मुळाखालून हाताने माती काढत पाइपापुरती वाट केली. तो कंटाळून बाजूला विडी ओढत बसला. बेल तोडायचा नव्हता. तुमच्याशी भांडण होतं, झाडाशी नाही. ढाळ नीट मिळाला, रस्त्यालगत चेंबर बांधलं, पाइप लाइनला जोडला. मग टाकी उपसायला गाडी आली, आपल्या दारात पहिल्यांदाच. गल्लीने पाहिली. उपसून झाल्यावर मी आत वाकून बघितलं. तळाला नुसता मुरूम, काळा पडलेला, आणि अक्कांच्या भिंतीकडे खाली उतरत गेलेली ओली भेग. तुम्ही असता तर मी तुमचा हात धरून तिथे उभं केलं असतं. टाकीत चुना टाकून ती मुरूम-मातीने बुजवली.

मी अक्कांकडे जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "बोर लगेच नाही सुधरायची. दोन-चार पावसाळे जातील. पण बरं केलं, बाबा." आणि तेवढ्यात आतून सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला लावला. तुमचं नाव त्यांनी काढलं नाही. मला ते काढावंसं वाटत होतं, तुमची बाजू सांगावीशी वाटत होती, की माणूस वाईट नव्हता, त्याने गावात चांगला खड्डा खणला होता. पण मी नाही सांगितली. तुमची बाजू तुमच्याकडेच राहू द्या.

हे सगळं लिहून झालं, आता कागद घडी करून कुठे ठेवायचा हा प्रश्न आहे. देवघरात ठेवणार नाही, आई वाचून घेईल कोणाकडून तरी. बहुतेक फाडेन. तुम्हाला रागवायचं असेल तर रागवा, मी खोदलेलं बुजवणार नाही आणि पिंडीही हलवणार नाही. मात्र हेही तुमच्यापासून लपवत नाही की लाइन तुमच्या हयातीत आली असती, तुम्ही अंगणात उभे राहून नुसतं "नाही" म्हणाला असतात, तर मी कुदळ खाली ठेवली असती.