ग्लेनिसच्या शेवटच्या सामन्याची काडतुसं

१ जून
दुकानात पिस्तुलाची काडतुसं पुन्हा नाहीत. फळीवर नुसती धूळ. नणंदबाई ग्लेनिस म्हणाली, ऑगस्टच्या सामन्यात काय आता दगड मारायचे? पिस्तूल नेमबाजीत चर्चतर्फे आम्ही चौघी उतरतो. ग्लेनिस दर वर्षी दुसरी येते आणि घरी जाताना गाडीत एक अक्षर बोलत नाही. यंदाचा सामना तिचा शेवटचा. तो झाला की ती कायमची लेकीकडे ॲरिझोनाला चालली.
मी म्हटलं, डेल्मरचं काडतुसं भरायचं यंत्र तळघरात पडून आहे, चौघींची काडतुसं मी घरी भरते. ग्लेनिसने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं अपेंडिक्स काढून देते म्हणाले. मग म्हणाली, बरं.
संकल्प: रोज आधी प्रार्थना, मग दारू (भरायची, नोंदवून ठेवलेलं बरं), मग स्वयंपाक.

५ जून
नवरोबा डेल्मरने यंत्र पुसून दिलं आणि वर व्याख्यान दिलं. अर्धं ऐकलं. उरलेलं मला कळलंच होतं. रिकामी पितळी पुंगळी, तिच्यात दारू, तोंडाशी गोळी. म्हणजे भरलेली ढोबळी मिरची. ती मी लग्नाआधीपासून करते. सांडलेली दारू केकच्या ब्रशने गोळा करून परत डब्यात. डेल्मर म्हणाला, तो ब्रश आता केकला लावू नकोस. पुरुषांना घरातलं काही कळत नाही.

१० जून
मागच्या कुरणात पहिली चाचणी. सात गोळ्या कागदावर पिल्लांसारख्या एकमेकींना चिकटून. तीन आयोवाच्या दिशेला. डेल्मर म्हणाला, अशा भरकटलेल्या गोळीला नेमबाज उडाणटप्पू म्हणतात. चांगला शब्द. उडाणटप्पू म्हटल्यावर त्या आपल्या घरच्या नव्हेत, म्हणून मोजल्या नाहीत. निकाल: सातापैकी सात.
ग्लेनिसला फोनवर सांगितलं. म्हणाली, आणि त्या तीन काय पाहुण्या आल्या होत्या?
स्वभाव. तिच्यासाठी प्रार्थना केली.

१८ जून
नुसता नेम चालत नाही म्हणे. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, हा गुणाकार ठरलेल्या रेषेखाली गेला तर सगळे गुण शून्य. हलकी, कमी धक्क्याची काडतुसं आणून कोणी लबाडी करू नये म्हणून. योग्य नियम आहे. लबाडी मलाही खपत नाही.
वेग मोजायचं यंत्र डेल्मरकडे आहे. बुटाच्या खोक्याएवढं, वर तारेच्या दोन कमानी. गोळी कमानींतून गेली की आकडा दिसतो. आज एक गोळी कमानीतूनच गेली, पण कमान घेऊन गेली. डेल्मर घरात गेला आणि फ्रीजपाशी उभ्यानेच गार बटाट्याचं सॅलड खाल्लं.
चिकटपट्टी लावली. यंत्र चालतं. चूक यंत्राच्या जागेची. त्याने ते इतकं लांब ठेवलं होतं की वाटेत काहीही होऊ शकतं. आता मी ते पिस्तुलाच्या नळीला जवळजवळ टेकवूनच ठेवणार. इतक्या जवळून आंधळ्याचीही गोळी कमानीला लागायची नाही. डेल्मर दारातून अंतराबद्दल काहीतरी ओरडत होता. दुःखात माणूस काहीही बोलतो.

२० जून
चमत्कार! तीच काडतुसं, तीच दारू, आणि वेग एकदम वर! डेल्मर म्हणाला, नवल आहे. मी म्हटलं, देवाला नवल नाही. काल झोपायच्या आधी मी नाव घेऊन वेगच मागितला होता.
दर गोळीला यंत्राची काच काळी होते. व्हिनेगरने पुसते.

२ जुलै
दारूचा डबा तळाला आलाय आणि गावात दुसरा मिळत नाही. पण एवढा वेग हाताशी असताना पुस्तकात लिहिलेलं माप कशाला? देवाने जास्तीचं दिलंय ते उधळणं पाप. माप जरा उतरवलं. यंत्र म्हणतं, तरी रेषेच्या वर. आणखी उतरवलं. तरी वर. आमच्या चौघींतली बेव्हरली म्हणाली, हे पिस्तूल उडालं की कोणी उशी आपटली?
मनगट मुळीच दुखत नाही. कृपा म्हणजे आणखी काय असतं?

९ जुलै
मधमाशी आली म्हणून दोन पावलं मागे सरून झाडली. आकडा धपकन खाली. मधमाशीने हात हलवला हे उघड आहे. ती नोंद खोडली.

२८ जुलै, रविवार
प्रार्थनेनंतर ग्लेनिस सरावाला आली. तिचा नेम मी कधी असा पाहिला नव्हता. भोकात भोक. म्हणाली, अगं एर्मा, आजवर गाय लाथ मारत होती, हे तर वासरू आहे! आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्या कुठल्या पदार्थाचं कौतुक केलं.
मग पिस्तूल खाली ठेवून विचारलं, पण रेषेच्या वर आहेत ना गं? नक्की? मी म्हटलं, आकडा या डोळ्यांनी पाहिलाय. तिने माझा हात धरला. तिची बोटं गार होती. म्हणाली, मला एकदा त्या पहिल्या नंबरच्या पायरीवर उभं राहायचंय, मग ॲरिझोनात मेले तरी चालेल. मी म्हटलं, उभीच राहिलीस समज.
रात्री नम्रता मागितली. जिंकल्यावर लागेल.

११ ऑगस्ट
सामन्यानंतरचा बेत: इतर चर्चच्या बायकांनाही काडतुसं भरून द्यायची. कॅथलिकांनासुद्धा.

२३ ऑगस्ट
चौघींच्या डब्या तयार. डेल्मर म्हणाला, बये, एकदा नेमबाजी क्लबच्या यंत्रावर बघून घे. मी म्हटलं, एकदा कृपा झाल्यावर पुन्हा तपासणं म्हणजे अविश्वास. तो म्हणाला, अविश्वास नाही, फक्त वीस मिनिटांचा रस्ता आहे. मी उठले. जेली केली.

२४ ऑगस्ट, शनिवार, दुपार
घाईत लिहिते. ग्लेनिस पहिली! दुसरी बरीच मागे! बेव्हरली रडली. मी फक्त मान हलवली, जशी शोभेल तशी.

त्याच दिवशी, रात्री
पंच रस्टीने आमच्या पिशवीतून काडतुसं घेतली आणि आपल्या यंत्राकडे नेली. यंत्र पार आमच्या गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला असावं तितकं लांब. मी हसून म्हटलं, अहो, इतक्या लांब ठेवलंत तर कमान उडेल. तो म्हणाला, बाई, जवळ ठेवलं तर गोळीच्या आधी नळीतला भपकाच मोजला जातो, आकडा खोटा येतो. मी म्हटलं, असं कुठे असतं?
पहिली झाडली. रेषेखाली. दुसरी. खाली. मी म्हटलं, ढग आला असेल. तो म्हणाला, बाई, ऊन आहे. मी म्हटलं, मग मधमाशी. त्याने तिसरी भरली. काडतुसं संपेपर्यंत झाडली. तीही खाली.
चौघींचे गुण शून्य. एक संघ गाडी बिघडली म्हणून आलाच नव्हता. फलकावर आम्ही त्यांच्याही खाली.
ग्लेनिसचं नाव रस्टीने आपल्या बाहीने पुसलं. ती समोरच उभी होती. चष्मा काढला, पुसला, घातला. मग तिच्या जागी पायरीवर चढलेल्या पोरीसाठी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

२५ ऑगस्ट, रविवार
देव परीक्षा घेतो. माझी कशाला घेतली, ग्लेनिसची घ्यायची होती तर, हे कळत नाही. रस्टीचं यंत्र जुनं दिसत होतं.
डेल्मरने न विचारता आमचं यंत्र कुरणात लांब नेऊन ठेवलं आणि बाजूला उभा राहिला. मला शिळं आवरायचं होतं, गेले नाही.

२६ ऑगस्ट
ग्लेनिस निघाली. गाडीत भांडी, मांजर, लेक. निरोपाला गेले. म्हटलं, काळजी घे. तिने काच खाली केली. म्हणाली, एर्मा, एक सांग. पिस्तूल आणि यंत्र यांच्यात किती जागा ठेवायचीस?
मी दोन्ही हात पुढे करून दाखवलं.
तिने खिडकीतून हात काढला, माझी मनगटं धरली आणि ती एकमेकांपासून लांब नेली. मी म्हटलं, एवढं? म्हणाली, अजून. मी ताणले. म्हणाली, अजून. दोन्ही हात आडवे पूर्ण पसरले, खांदे दुखायला लागले. ती म्हणाली, अजून, एर्मा. आणि काच वर केली.
गाडी गेली. मी रस्त्यात हात पसरून उभी.
समोरून पास्टरबाई येत होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, किती माया ती, गाडी गेली तरी मिठी सुटत नाही!
मी हात आणखी थोडा वेळ तसेच ठेवले.