ओल्या दारावरचा नमस्कार

ती. स्व. दादांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (या वेळचा खरा आहे. एकतीस वर्षं हा शब्द तुम्हाला पत्राच्या माथ्यावर लिहून पाठवतो आहे, पण त्यातला एकही नमस्कार मी खुर्चीवरून उठून घातलेला नव्हता. तुम्ही पडलात कवायतीचे मास्तर, तेव्हा ते तुम्ही अक्षरावरूनच ओळखलं असेल.) तुमची प्रकृती कशी आहे, हे आपलं रीत म्हणून विचारतो. सत्तरीतही जो माणूस वाकून पायाचे अंगठे धरतो, त्याला काय धाड भरली आहे? माझं विचाराल तर पाठ आहे तशीच, म्हणजे शिडीवर जन्म काढलेल्या पाटी रंगवणाऱ्याची. गुडघे तुमच्या ओळखीचे आहेतच. मागच्या खेपेला मी जिना उतरत होतो, तेव्हा तुम्ही आतून ओरडून विचारलं होतंत, की अक्रोड कोण फोडतंय.

आता उभे असाल तर बसा. तुमच्या बहिणीच्या पोटात गाठ होती. होती म्हणजे आता नाही. काढली, तपासली, साधी निघाली. ही घरी आली आहे, आणि चहात साखर जास्त झाली म्हणून काल तिने मला पाच मिनिटं ऐकवलं, यावरून प्रकृतीचा अंदाज घ्या. तुम्हाला कळवायचं नाही, अशी शपथ तिनेच घातली होती. (दादा आला तर सगळ्या वॉर्डाला सकाळी सहाला उठवून हात वर करायला लावील, हे तिचे शब्द, माझे नव्हेत.) पोट उघडल्याशिवाय गाठ कसली ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या दिवसापासून पुढचे अकरा दिवस माझ्या तोंडाला चव नव्हती. त्या अकरा दिवसांत मी काय दिवे लावले, तेवढं सांगायला हे पत्र लिहितो आहे.

इस्पितळात भेटीची वेळ संध्याकाळी एक तास. एवढ्याने माझं कसं भागणार? मग मी नको तिथे नाक खुपसलं. ‘शांतता राखा’ या पाटीतला ‘शां’ उडाला आहे, असं तिथल्या व्यवस्थापकाला दाखवून दिलं. त्याने ती पाटी माझ्याकडून करून घेतली, आणि खूश होऊन दुसरं काम गळ्यात घातलं. तळमजल्यावर शस्त्रक्रियेच्या खोल्यांसमोर एक रिकामी खोली आहे. ती कुठल्याही धर्माच्या माणसाला प्रार्थनेसाठी उघडायची ठरली होती. दारावर अक्षर नको, कारण कुणाला कुठली भाषा येते कुणास ठाऊक. फक्त एका माणसाचं चित्र हवं, जे पाहताक्षणी कुणालाही वाटावं, की ही खोली आपल्यासाठी आहे. मी लगेच हो म्हटलं. दिवसभर हिच्या आसपास राहायला मिळणार होतं, आणि चित्र काय, हात जोडलेला माणूस काढला की झालं, असा माझा हिशेब होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

हात जोडलेला माणूस काढला. व्यवस्थापक म्हणाला, हे लग्नाच्या हॉलबाहेर ‘सुस्वागतम्’ म्हणतात तसं दिसतं. मग गुडघे टेकलेला काढला. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई रोज तशी प्रार्थना करते. तिने चित्र पाहिलं आणि समजुतीने सांगितलं, की पाठ ताठ हवी, टाचांवर बसायचं नाही. हा तुमचा माणूस पलंगाखाली चप्पल शोधतो आहे. मग जमिनीला कपाळ टेकलेला काढला, तर लिफ्टवाला लिफ्ट थांबवून बाहेर आला. कपाळाबरोबर नाकही टेकतं, कोपर जमिनीला लागू द्यायचं नाही, पायाची बोटं दुमडलेली हवीत. कोपर टेकलेला म्हणजे आडवा झालेला, असं म्हणून त्याने वर्तमानपत्र पसरून मला स्वतः करून दाखवलं. (लिफ्टमधले लोक तोवर शांत उभे होते. एकजण तर प्रार्थना चांगली जमली म्हणाला.) रक्त तपासणाऱ्या मुलीच्या घरी दोन्ही हात वर करून उभे राहतात. तसा काढला, तर व्यवस्थापकाला वाटलं की याला कुणी लुटतं आहे. हात मांडीवर ठेवून नुसता गप्प बसलेला काढला, तर दुसऱ्या दिवशी त्या दाराबाहेर चारजण नंबर कधी लागतो म्हणून बसलेले आढळले. आणि एका म्हाताऱ्या पेशंटच्या घराण्यात पुढे-मागे डुलत प्रार्थना म्हणतात. डुलणारा माणूस दारावर कसा काढायचा, तुम्हीच सांगा.

त्यात डोक्याची भानगड. कुणी देवापुढे डोकं झाकतो, कुणी डोक्यावरचं काढून हातात घेतो. मी टोपी काढली, खोडली, परत काढली, परत खोडली. प्रत्येक वेळी रंगाचा एक थर वाढत गेला आणि माझ्या भक्ताचं डोकं भोपळ्याएवढं झालं. संध्याकाळी मी हे सगळे नमुने हिच्या पलंगाशेजारी करून दाखवायचो. ही उशीला टेकून चुका काढायची. गुडघे टेकताना मी अशी काही अक्रोडं फोडली, की पलीकडची पेशंट दचकून उठली. ही पोट धरून हसली आणि मोठ्या नर्सबाईंनी मलाच दम भरला, की शस्त्रक्रियेआधी पेशंटला हसवायचं नाही. मी बाहेर गेलो. ती हसत होती तोवर मला बरं वाटत होतं, हे त्या बाईंना काय सांगणार?

दादा, मी देवभोळा नाही, तुम्हाला माहीत आहे. जाता जाता मान हलवायची, एवढीच माझी भक्ती. पण पाटी रंगवणाऱ्याची नजर असते, आणि दहा दिवस तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एखाद्याच्या हातात माळ असते, ती सोडली तर प्रार्थना करताना कुणाच्याच हातात काही नसतं. मी मात्र त्यांच्याकडे पाहत असे तेही ब्रश धरून.

अकराव्या दिवशी सकाळी नऊला हिला आत नेलं. दोन तास लागतील म्हणाले. हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून मी समोरचं ते दार घेतलं. भोपळ्यासकट सगळं खरवडून पांढऱ्या रंगाचा हात दिलेला होताच, त्यावर निळा तेलरंग चढवायला लागलो. अकराला दार संपलं. बारा वाजले. शस्त्रक्रियेच्या खोलीवरचा दिवा लालच. साडेबाराला आतून एकजण पळत बाहेर आला आणि रक्ताच्या बाटल्या घेऊन पळतच आत गेला. मी विचारलं, पण तो थांबला नाही. मग माझ्या हातातला ब्रश कधी पडला, मला कळलं नाही. समोर जे होतं त्याला मी टेकलो. डोकं टेकलं, दोन्ही हात टेकले, गुडघे मुडपले तेही टेकले, आणि मी डोळे मिटून बोलत राहिलो. कुणाशी, ते विचारू नका. ऐकणारा नक्की कोण ते ठाऊक नव्हतं, म्हणून कुणालाच वगळलं नाही.

डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा दीड वाजला होता. गाठ साधी आहे, जरा चिकटून बसली होती म्हणून वेळ लागला, म्हणाले. मी रडलो, दादा. लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडलो. मग दारापासून सुटायला गेलो, तर सुटेना. डॉक्टरांनी कॉलर धरून ओढलं, तेव्हा चर्रकन आवाज होऊन मी मोकळा झालो. निळ्या दारावर आतला पांढरा रंग दिसत होता: वर कपाळ, त्याच्या दोन बाजूंना दोन पंजे, खाली दोन गुडघे.

मी पुसायला चिंधी उचलली. लिफ्टवाल्याने माझा हात धरला. म्हणाला, दार आडवं धरा की झालं आमचं, फक्त नाक आणि पायाची बोटं राहिली. स्वयंपाकघरातल्या बाईला त्यात गुडघे टेकलेला माणूस दिसला, पाठही ताठ वाटली. रक्तवालीला वर उचललेले हात दिसले. आणि डोकंच नसल्यामुळे टोपीचा प्रश्न मिटला! दहा दिवस माझी चित्रं नापास करणारा व्यवस्थापक म्हणाला, याला हात लावू नका.

संध्याकाळी हिला शुद्ध आली. माझं कपाळ, तळवे, पँटचे गुडघे, सगळं निळं. ते पाहून ही पुटपुटली, ‘रंग ओला आहे, ही पाटी लावली नव्हतीत ना?’ दादा, जगभराला ती पाटी मी रंगवून देतो, पण स्वतःच्या कामावर एकदाही लावलेली नाही. या गोष्टीवरून आमची एकतीस वर्षं भांडणं होत आली. या वेळी मी मुकाट्याने मान खाली घातली.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

आपला मेहुणा

ता. क. कपाळावरचा रंग अजून पुरता गेलेला नाही. आलात तर हसू नका.

ता. क. दुसरा. आलात तर म्हणजे, याच. दाराशी बोलता बोलता मी एक नवस बोलून गेलो: ही सुखरूप बाहेर आली तर एकशे एक साष्टांग नमस्कार घालीन. लगेच माझे गुडघे आठवले. खोटं बोलायची ती वेळ नव्हती. म्हणून घाईने दुरुस्ती केली: मी नाही, हिचा भाऊ घालील. तुम्हाला न विचारता तुमचं नाव दिलं, माफ करा. पण तुमच्यासाठी ते म्हणजे सकाळचा व्यायाम. सवडीने या.

ता. क. तिसरा, पण हा माझा. दादा, हे पाकीट शेजारणीकडे टपालात टाकायला द्यायचं म्हणून यांनी माझ्या उशाशी ठेवलं, मी उघडून वाचलं. तू ये, पण नमस्कार घालायला नको. हे रोज सकाळी मला झोप लागली आहे असं समजून स्वयंपाकघरात जातात. साष्टांग आडवं व्हायला जमतं, उठताना टेबल धरतात. आवाज लपत नाही, ते अक्रोड तुला माहीतच आहेत. मी डोळे मिटून मोजते. आजपर्यंत त्रेचाळीस झाले. त्यांना सांगू नकोस. फक्त टेबल न धरता कसं उठायचं, तेवढं शिकवून जा.